मल्लिनाथअण्णांच्या एकसष्ट चिठ्ठ्या

मल्लिनाथअण्णांशी माझी ओळख भांडणातून झाली, आणि भांडण मीच काढलं होतं. मी सोलापुरात एका कॉलेजात इतिहास शिकवते. बहात्तरच्या दुष्काळावर माझं पुस्तक चाललं होतं आणि त्यासाठी विद्यापीठात जपून ठेवलेले काही जुने कागद मला बघायचे होते. दारावर पाटी ‘अभिलेखागार’ अशी असली तरी सगळे त्याला रेकॉर्ड रूमच म्हणतात, आणि काम पडल्याशिवाय तिकडे कुणी फिरकत नाही. मी गेले तेव्हा टेबलामागे एक सडसडीत गृहस्थ बसले होते. कपाळावर विभूतीचे पट्टे, शर्टाच्या खिशात दोन पेन्सिली. मी नाव सांगितलं, कॉलेज सांगितलं, घाईत आहे हेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “हात धुऊन या की मॅडम.”

“मी घरून आंघोळ करून निघालेय,” मी म्हणाले.

“ते देवाला चालतंय. कागदाला न्हाय. नळ भाईर डाव्या हाताला हाय. टॉवेल बी हाय.”

मी तणतणत बाहेर गेले. परत येऊन बघते तर माझं पेन त्यांनी टेबलाच्या टोकाला सरकवलेलं आणि माझ्यापुढं एक टोक काढलेली पेन्सिल ठेवलेली. शाईचं पेन कागदाजवळ आणायचं नाही, असा त्यांचा नियम होता. कागद आले ते एका मांजरपाटाच्या रुमालात बांधलेले, चारी टोकं दुमडून, वर सुती नाडी. मला हवी होती ती वही तिसऱ्या रुमालात होती. तीच आधी द्या म्हटलं तर म्हणाले, “पैला सोडल्याशिवाय तिसरा सोडत न्हाय.” त्या दिवशी घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं की विद्यापीठात एक महाहेकट माणूस बसवून ठेवलाय. तो शब्द मी पुढं परत घेतला, पण त्याला बरेच महिने लागले.

अण्णा मूळचे अक्कलकोटच्या दक्षिणेकडचे, जिथं घरात कानडी आणि बाजारात मराठी चालते. सातवीपर्यंतची शाळा कानडीत झाली. मग सोलापुरात मामाकडे आले आणि एका छापखान्यात पुस्तकं बांधायला शिकले. खळ शिजवायची, पानांच्या घड्या जुळवायच्या, शिवण घालायची, हे पंधरा वर्षं केलं. त्यावर विद्यापीठाच्या ग्रंथालयात बाइंडर म्हणून रोजंदारीवर लागले आणि उशिरा का होईना, कायम झाले. निवृत्त आणि दिवंगत प्राध्यापकांचे कागद विद्यापीठाने जमवायचं ठरवलं तेव्हा ती खोली सांभाळायला कुणी तयार होईना. धुळीची ॲलर्जी सगळ्यांना एकाच आठवड्यात झाली. अण्णांना कुणी विचारलंही नाही, नुसती किल्ली हातात दिली.

त्या खोलीत त्यांनी जे केलं ते बघून मोठमोठ्या पदव्यांची मला लाज वाटते. घरचे लोक माळ्यावरून कागदांची पोती आणून टाकत. त्यात पत्रं, टाचणवह्या, परीक्षेच्या ड्यूटीचे तक्ते, लग्नपत्रिका, काय वाटेल ते. दुसऱ्या कुणी यातलं ‘कामाचं’ वेगळं काढून बाकी रद्दीत घातलं असतं. अण्णा काहीच वेगळं काढत नसत. कागद ज्या क्रमानं आला त्या क्रमानं ठेवायचा, कशात काय होतं ते पेन्सिलीनं बारीक अक्षरात चिठ्ठीवर लिहायचं, बस. रसायनशास्त्राच्या एका सरांच्या वहीत प्रयोगाच्या निरीक्षणांखाली त्यांच्या बायकोनं शेंगाचटणीचं प्रमाण लिहून ठेवलंय. ते पानही तिथंच आहे. “सरांनी पत्र या पुस्तकात ठेवलं, का ठेवलं ते सरांना ठाऊक,” अण्णा म्हणायचे. “मी कोण काढणार?”

आणि ज्या माणसाचं ब्रीदच हे, त्याच्या हातून आयुष्यात एकदाच, नेमकी हीच चूक झाली होती.

प्रभुलिंग सर म्हणून अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक होऊन गेले. इथं विद्यापीठ नव्हतं तेव्हा ते एका कॉलेजात शिकवत. बहात्तर-त्र्याहत्तरच्या दुष्काळात सरकारी कामांवर खडी फोडणाऱ्या बायकांशी ते सुट्टीच्या दिवशी जाऊन बोलत आणि त्याची एक वही ठेवत. एका बाईला एक पान. पानावर मराठीत ठरलेले रकाने: तारीख, गाव, अंदाजे वय, घरातली माणसं, आजारपण. नाव मात्र कुठंच नाही, कारण नाव लिहिणार नाही असा सरांनी शब्द दिला होता. शेवटी एक प्रश्न असे: पाऊस पडल्यावर पहिलं काम काय करणार? त्याचं उत्तर सर बाई बोलेल तसं, तिच्याच कानडीत, खिशात सापडेल त्या कागदाच्या पाठकोऱ्या तुकड्यावर उतरवून घेत आणि चिठ्ठी त्या पानाला टाचणीनं लावून टाकत. अशी एकसष्ट पानं आणि एकसष्ट चिठ्ठ्या.

अकरा वर्षांपूर्वी सरांचे कागद आले तेव्हा अण्णा त्या खोलीत नवे होते. संपूर्ण इमारतीत कानडी वाचता येणारे ते एकटेच. त्यांनीच मला सांगितलं, “मॅडम, मला लई अभिमान वाटला. म्हटलं, कानडी लिहिलेलं सगळं एका जागी करू, आपल्याशिवाय कोण करणार?” टाचण्या गंजलेल्या होत्या, त्या काढणं तर भागच होतं. त्यांनी एकसष्ट टाचण्या काढल्या, चिठ्ठ्यांचा गठ्ठा केला, वेगळ्या रुमालात बांधला आणि वर ‘कानडी चिठ्ठ्या’ असं सुरेख अक्षरात लिहिलं. चिठ्ठ्यांवर नंबर नव्हते. टाचणी आहे म्हटल्यावर सरांना नंबराची गरजच पडली नव्हती.

चूक त्यांच्या लक्षात आली ती वर्षभरानं, वही निवांत वाचताना. पानाच्या तळाला सरांनी लिहिलं होतं, ‘उत्तर सोबतच्या चिठ्ठीत.’ त्या दिवशी अण्णांनी रेकॉर्ड रूमच्या नोंदवहीत लिहिलं: ‘प्रभुलिंग सरांच्या वहीतल्या चिठ्ठ्या मी पानांपासून वेगळ्या केल्या. ही माझी चूक आहे.’ खाली सही. ती नोंदवही कुणीही उघडत नाही. तरी लिहिलं. पुढं सवडीनं जुळवू असं म्हणत वर्षं गेली, कारण दर महिन्याला कुणाचं ना कुणाचं पोतं येऊन पडतच होतं.

हे सगळं तसंच राहिलं असतं, पण मी मधे कडमडले. दुष्काळाला पन्नास वर्षं उलटून गेली म्हणून मी एका स्थानिक पेपरात सरांच्या वहीवर लेख लिहिला आणि त्यात काही गावांची नावं दिली. लेख आला आणि दुसऱ्याच सोमवारी रेकॉर्ड रूमच्या दारात एक बाई उभी. साठीला टेकलेली, इरकली लुगडं, हातात कापडी पिशवी. सोमवारी सिद्धेश्वराच्या दर्शनाला येते, म्हणून आजच आले, म्हणाली. नाव चंद्रव्वा. गाव कर्नाटकाच्या शिवेवरचं, माझ्या लेखात आलेलं. शेजारच्या मास्तरणीनं तिला लेख वाचून दाखवला होता.

“मी सा वर्साची व्हते,” ती सांगू लागली. “चष्मेवाला एक मास्तर खडीच्या ढिगावर बसून लिहायचा. माझी अव्वा त्याच्याशी बोलली. काय बोलली ते मला ऐकू आलं न्हाय, मी लांब बसलेली व्हते. मग चार दिवसांत अव्वाला पटकी झाली आन ती गेली.”

आईचा फोटो नव्हता. आईची म्हणून एक वस्तू उरली नव्हती. तिनं पिशवी मांडीवर घट्ट धरली आणि विचारलं, “अव्वा काय बोलली, ते तुमच्या कागदात हाय का?”

पान अर्ध्या तासात सापडलं. त्या गावाच्या सहा बायका होत्या. त्यातल्या एकीच्या रकान्यात: वय अंदाजे तेवीस, नवरा वारलेला, एक मुलगी वय सहा, डाव्या अंगठ्याला हातोडी लागून पट्टी. चव्वेचाळिसावं पान. अंगठ्याचं ऐकून चंद्रव्वाचा हात आपोआप स्वतःच्या डाव्या अंगठ्याकडे गेला. “व्हय,” ती म्हणाली. “नख पडलं व्हतं.”

आता चिठ्ठी. मी अण्णांकडे बघितलं. मी त्यांच्या जागी असते तर म्हणाले असते, कागद आमच्याकडे आले ते असेच सुटे आले. कोण विचारायला येणार होतं? अण्णा खुर्चीवरून उठले आणि तिच्यासमोर उभे राहून म्हणाले, “अक्का, पान हे तुमच्या आईचं. पर तिची चिठ्ठी कुटली ते मला ठाऊक न्हाय. त्या पानांच्या चिठ्ठ्या मीच काढल्या. चूक माझी हाय.” मग हेच कानडीत पुन्हा सांगितलं, तिला नीट कळावं म्हणून. चंद्रव्वा रागावली नाही. “सापडल का?” एवढंच म्हणाली. अण्णा म्हणाले, “मी बघतो.”

हा ऑक्टोबर होता. पुढच्या मेअखेर अण्णा निवृत्त होणार होते, आणि त्यांच्यानंतर त्या चिठ्ठ्या वाचू शकणारं माणूस विद्यापीठात कुणी नव्हतं. मे संपायच्या आत झालं तर झालं.

त्यांनी जे काम काढलं ते मी जवळून बघितलं, कारण तोवर मला हात धुवायची सवय लागली होती. गंजलेली टाचणी चाळीस वर्षं कागदात राहिली की तांबूस खूण सोडते. डोकं कुठं, टोक कुठं, तिरपी किती, सगळं दिसतं. अण्णांनी प्रत्येक पानावरच्या गंजाची खूण ट्रेसिंग पेपरवर उतरवून घेतली. मग प्रत्येक चिठ्ठीवरची. एकशे बावीस खुणा. रोजचं काम संपवून दुपारच्या सुट्टीत डबा खाऊन होताच ते खिडकीशी बसत आणि एक खूण दुसरीवर धरून बघत. कधी गंज जुळे पण शाई जुळत नसे. कधी शाई जुळे पण चिठ्ठीचा कागद पानाच्या तारखेनंतरच्या प्रश्नपत्रिकेचा निघे. जुळली असं वाटलं तरी ते आठ दिवस तशीच ठेवत, पुन्हा कोऱ्या डोळ्यांनी बघत आणि मगच सुती दोऱ्याचा एक टाका घालत. नवी टाचणी त्यांनी लावली नाही.

चंद्रव्वा महिन्यातून एखाद्या सोमवारी येई. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसे, काही विचारत नसे. अण्णा तिला किती झाल्या ते सांगत. वीस झाल्या. एकेचाळीस झाल्या. येताना ती कडक भाकरी आणि चटणी बांधून आणायची, ती आम्ही बाहेर कट्ट्यावर बसून खायचो, कारण खोलीत खाण्याची कुणाला परवानगी नव्हती, खुद्द कुलगुरूंनाही मिळाली नसती.

एप्रिलच्या मध्याला अठ्ठावन्न चिठ्ठ्या जाग्यावर गेल्या. उरल्या तीन चिठ्ठ्या आणि तीन पानं, त्रेचाळीस ते पंचेचाळीस. तिन्ही एकाच दिवशी लिहिलेली, एकाच शाईत, चिठ्ठ्या एकाच प्रश्नपत्रिकेच्या फाडलेल्या तुकड्यांवर, आणि टाचण्याही एकाच जागी एकाच कलानं लावलेल्या. तिन्ही खुणा तिन्ही पानांवर बसत. अण्णा दहा दिवस तेच तीन कागद फिरवत राहिले. डोळे लाल झाले. एकदा मी बघितलं, ते हातात काहीच न घेता नुसते बसले होते.

मला राहवलं नाही. “अण्णा, तीनच तर आहेत,” मी म्हणाले. “तिन्ही तिला वाचून दाखवा. आपल्या आईचं बोलणं ती ओळखेल.”

“ओळखणार न्हाय मॅडम,” ते म्हणाले. “निवडंल.”

“मग निवडू दे. सहा वर्षांची असताना आई गेलीय तिची. जे आवडेल ते घेऊन सुखानं जाईल बिचारी. तुम्ही निवृत्त झालात की तेही मिळायचं नाही तिला. कुणाचं काय बिघडतंय?”

अण्णांनी पेन्सिल खाली ठेवली. “तिनं दुसरीची आई उचलली, तर त्या दुसरीच्या लेकीला मी काय देऊ? ती बी येईल की एखाद्या सोमवारी. आन चंद्रव्वा जल्मभर जे धरून बसंल ते तिच्या आईचं नसंलच. तीनच्या जागी मला दोन न्हाय, एक पाहिजे. न्हाय सापडली तर न्हाय सापडली म्हणून सांगीन. तेवढी लाज मला सोसवंल.”

मला राग आला. खरं सांगते, मी त्या दिवशी पाय आपटत निघून आले. भल्या माणसाचा ताठा दुसऱ्याला किती महाग पडतो, असं काहीसं मी रस्ताभर पुटपुटत होते. घरी पोचेपर्यंत राग उतरला आणि मला माझीच शरम वाटली. मी इतिहास शिकवते आणि एका बाईला दुसऱ्याच कुणाचं बोलणं तिच्या आईचं म्हणून द्यायला निघाले होते. आयुष्यात मला प्रामाणिकपणा शिकवणारी माणसं पुष्कळ भेटली. हा पहिला, ज्यानं तो मला करून दाखवला.

सापडलं ते कसरीमुळे. कसर म्हणजे कागद खाणारी ती बारीक कीड. अण्णांचा जन्म तिच्याशी लढण्यात गेला, खोलीभर वाळवलेल्या कडुनिंबाच्या पुरचुंड्या तिच्यासाठीच होत्या. चव्वेचाळिसाव्या पानाला समासाजवळ मोहरीएवढं भोक होतं. त्रेचाळीस आणि पंचेचाळीसला तिथं काही नव्हतं. उरलेल्या तीन चिठ्ठ्यांतल्या एकीची कड थोडी कुरतडलेली होती. इतके दिवस ती फाडताना निसटलेली कड वाटली होती. मेच्या पहिल्या आठवड्यात अण्णांनी ती चिठ्ठी गंजाच्या खुणेवर खूण ठेवून चव्वेचाळिसाव्या पानावर बसवली आणि खिडकीच्या उजेडात धरली. कुरतडलेली कड भोकाच्या कडेवर अशी बसली की दोन्ही मिळून एकच गोल झाला. कीड पान आणि चिठ्ठी एका दमात खाऊन गेली होती. अण्णांनी मला फोन करून बोलावून घेतलं. मी पोचले तेव्हा त्यांनी चिठ्ठी वाचलेली नव्हती. जुळवताना ते चिठ्ठ्यांचा मजकूर मुद्दाम वाचत नसत, मन एकीकडे झुकू नये म्हणून. “पैल्यांदा तिनं ऐकायचं,” ते म्हणाले.

चंद्रव्वा सोमवारी आली. अण्णांनी तिला टेबलाशी खुर्चीत बसवलं, वही उघडली आणि उभ्यानंच वाचलं. कानडी मला कळत नाही, म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत होते. दोन ओळी झाल्या आणि तिनं पदर तोंडावर दाबला. अण्णांनी शेवटपर्यंत वाचलं. मग ते माझ्याकडे वळून मराठीत सांगू लागले.

“विचारलंय, पाऊस पडल्यावर पैलं काम काय करणार. ती म्हणती: लेकीचं डोकं धुणार. चार महिने झाले, प्यायला पाणी न्हाय तर डोक्याला कुटनं आणू. खडीची धूळ बसून जटा झाल्या, उवा झाल्या. परवा कात्री मागून आणली आन सगळे केस कापून टाकले. पोरगी लई रडली. तवापासनं माझ्याशी बोलत न्हाय. भाकर बी शेजारणीच्या हातनं खाती. रुसू दे. केस वाढतील. पाऊस आला की शिकेकाई लावून डोकं धुऊन देते, मग बोलंल.”

चंद्रव्वानं डोळे पुसले नाहीत. तिनं अण्णांना पुन्हा वाचायला सांगितलं, आणि त्यांनी पुन्हा वाचलं.

“मी बोललेच न्हाय,” ती म्हणाली, अण्णांना नाही, मलाही नाही, त्या कागदाकडे बघून. “ती पटकीनं पडली, मला हाका मारल्या, तरी मी गेले न्हाय. केसांसाठी. बावन्न वर्सं झाली, रोज वाटतं, अव्वा गेली ती मी बोलत न्हाय हे मनात घेऊनच गेली.” मग तिनं एका बोटानं त्या शेवटच्या ओळीखाली, कागदाला न टेकवता, हवेतच रेघ ओढली. “म्हंजे तिला ठाऊक व्हतं. मी बोलणार व्हते, हे तिला ठाऊक व्हतं.”